सब्ज्याची लागवड व त्यास फुलोरा आणण्याची रीत

गेल्या दोन हंगामांत आपल्या सभासद बंधूंपैकी कित्येकांनी आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. तो असा की, सब्जा लावला, तो हिरवागार झाला, कमरेइतका वाढला, वासही उत्तम येतो. परंतु तुरा म्हणून काही धरीत नाही, तेव्हा करावे काय? विचारणारांपैकी एक तर आमचा चुलत पुतण्याच होय. त्याने उसनवारी करून दोन एकरांत सब्जा लावला होता. दसऱ्यास सोने देण्याकरिता म्हणून आला, आणि पाने हातात ठेवून म्हणाला, "काका, एकदा शेतात येऊन बघा. पाला पाहून लोक वाहवा करतात, पण मला तर झोप लागत नाही." आम्ही जाऊन पाहिले, तो खरोखरच दोन एकर नुसता पाला. पाल्यास आपल्या जिल्ह्यात गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक आहे ते बियांस. हाच प्रसंग चार वर्षांपूर्वी आमच्यावर स्वतःवर दहा गुंठ्यांपुरता आला होता, म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिण्यास आम्ही अगदीच अनधिकारी नाही असे समजून हा लेख लिहीत आहो.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. सब्जा म्हणजे वृंदावनातील तुळस नव्हे. दोन्ही एकाच कुळातील, दोहोंची खोडे चौकोनी, पाने समोरासमोर, तुरे वरच्या बाजूस. परंतु तुळशीचे बी तांबूस व बारीक असते, आणि ते पाण्यात टाकले तर त्यास चीक फार थोडा सुटतो. सब्ज्याचे बी काळे असून पाण्यात पडताच पाव तासाच्या आत फुगते, आणि प्रत्येक दाण्याभोवती करड्या-निळसर रंगाचे पारदर्शक वेष्टन बनते. फालुद्यात व सरबतात जे घालतात ते हेच. बाजारात यास तुकमराई म्हणतात. हा शब्द फारसीतील 'तुख्म' म्हणजे बी आणि 'रैहान' म्हणजे सुगंधी रोप यांवरून आला आहे. आपला मुलूख १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे जुन्या माणसांस हे शब्द परके वाटत नाहीत. पेरणीस उर्दूत तुख्मरेजीच म्हणतात. दर्ग्यावर फुलांबरोबर वाहिला जाणारा हिरवा सुवासिक पाला तोही सब्जाच, आणि रोजांच्या महिन्यात सायंकाळच्या सरबतासाठी त्याच्या बियांस मागणी चढते. इंग्रजी वळणाच्या हॉटेलांतून ज्यास बेझिल म्हणतात व ज्याची पाने इटली देशातील लोक आवडीने खातात, ते याच जातीचे रोप होय. अलीकडे चिया नावाचे मेक्सिकोकडील एक बी बाजारात आले आहे, तेही पाण्यात फुगते. परंतु त्याचे दाणे करडे-चितकबरे असून फुगण्यास अधिक वेळ लागतो. दोहोंची भेसळ करणारे व्यापारी आहेत, म्हणून येवढे लिहिले.

एकाच रोपाकडून तीन प्रकारचे लोक तीन निरनिराळ्या वस्तू मागतात, ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने पुष्कळ गोंधळ होतो. ज्यास पाने पाहिजेत तो तुरा दिसू लागताच खुडून टाकतो. कारण तुरा आला की पाने लहान होतात व खोड लाकडासारखे कठीण बनते. ज्यास अर्क किंवा तेल पाहिजे तो पीक ऐन फुलोऱ्यात कापतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने या कामासाठी निराळे वाण काढले आहेत. आणि ज्यास बी पाहिजे त्याने फुलोरा आणून, तो पोसून, पिकवून, कोरडा घरात आणावयाचा असतो. आता पुस्तकांतून व इतरत्र जी माहिती आढळते ती बहुधा पानांच्या लागवडीची असते. वरचेवर खुडा, भरपूर नत्र द्या, पाणी तुटू देऊ नका, दुपारी सावली करा, असे त्यात सांगितलेले असते. बियांच्या शेतकऱ्याने हा उपदेश अक्षरशः पाळला म्हणजे आमच्या पुतण्याची जी स्थिती झाली तीच होणार. उपदेश खोटा नव्हे. तो दुसऱ्याचा आहे.

आमची पहिल्या वर्षाची कथा थोडक्यात सांगतो. सेवानिवृत्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा आम्ही स्वतः कसण्यास घेतला. त्यात पूर्वी मोसंबी होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील कित्येक बागा उभ्या वाळल्या, लोकांनी टँकरने पाणी घालून झाडे जगविण्याची शिकस्त केली, तरी बहुतेकांस शेवटी कुऱ्हाडच लावावी लागली. त्यात आमचीही बाग गेली. रिकाम्या जमिनीतून दहा गुंठे सब्ज्यास दिले. बांधालगत निंबाची ओळ होती, तिच्या छायेत रोप सुखी राहील अशी आमची समजूत. लेंडीखत भरपूर घातले, त्यावर दोन वेळा युरिया दिला, आणि विहिरीस पाणी असल्यामुळे तिसऱ्या दिवशी पाणी चालू ठेवले. रोपे छातीला लागली. तुरे आले ते कार्तिकात, तेही फक्त उघड्यावरच्या दोन ओळींस. सर्व मिळून बी चार किलो निघाले. आमच्या शेजारी एक वृद्ध बागवान आहेत, ज्यांस सारा गाव चाचा म्हणतो. ते बांधावर उभे राहून एवढेच म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही झाडाला पोसलंत, बियाला नाही." तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसास असे उघड बोललेले रुचत नाही, पण म्हणणे खरे होते.

ते खरे का, हे रोपाच्या घडणीवरून कळते. सब्जा हे वर्षायू रोप आहे. उगवावे, वाढावे, बी धरावे आणि मरावे, इतकाच त्याचा क्रम. त्याच्या प्रत्येक फांदीच्या शेंड्यावर वाढीचा कोंब असतो, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक-एक झोपलेला डोळा असतो. शेंड्याच्या कोंबाने पानांच्या काही जोड्या काढल्या, ऊन पुरेसे मिळाले, अंगी कस साठला, म्हणजे तोच कोंब पाने काढण्याचे सोडून तुऱ्याचे रूप घेतो. परंतु मुळांशी नत्र व ओल यांची रेलचेल असेल तर रोपास थांबण्याचे कारणच राहत नाही. ते पानांवर पाने काढीत सुटते, आणि तुऱ्याचा मुहूर्त पुढे ढकलला जातो. छायेत तर अधिकच, कारण तेथे वाढ लांबते पण कस साठत नाही. सब्जा हे लांब दिवसाचे, लख्ख उन्हाचे रोप आहे. दिवसातून सहा-आठ तास सरळ ऊन न मिळणाऱ्या जागी ते बियांसाठी लावूच नये. थंडीही त्यास सोसत नाही. पारा दहा अंशांच्या खाली उतरला की पाने काळी पडतात. आपल्याकडे पौषात अशा रात्री येतात, म्हणून फुलोरा त्यापूर्वी उरकला पाहिजे.

जमीन हलकी ते मध्यम, निचऱ्याची असावी. आपल्या जिल्ह्यात काळीची प्रतिष्ठा मोठी, आणि मुरमाड तुकड्यास कोणी विचारीत नाही; परंतु सब्ज्याच्या बियांसाठी तोच तुकडा बरा. भारी काळीत पावसाचे पाणी मुळांशी साचून रोपे मर होऊन जातात, आणि जी उरतात ती माजतात. शेणखत चांगले कुजलेले, एकरी चार-पाच गाड्या, लागणीपूर्वीच द्यावे. स्फुरदयुक्त खत त्याच वेळी मातीत मिसळावे, कारण ते नंतर वरून टाकून मुळांपर्यंत लवकर पोहोचत नाही. नत्र द्यावयाचेच तर लागणीनंतर तीन आठवड्यांनी एक हलका हप्ता पुरे. कळी दिसू लागल्यावर युरियाची मूठही शेतात नेऊ नये.

आता रोपे करण्याविषयी. बियांच्या अंगचा जो गुण फालुद्यात उपयोगी, तोच वाफ्यावर अडचणीचा होतो. बी भिजवून पेरू म्हटले तर त्याचा गोळा होतो, आणि ओल्या हाताने घेतले तर बोटांस चिकटून बसते. म्हणून बी कोरडेच, चौपट-पाचपट कोरड्या वाळूत मिसळून, गादीवाफ्यावर ओळींत टाकावे, आणि वर चाळलेल्या शेणखताचा इतका पातळ थर द्यावा की दाणा जेमतेम झाकला जाईल. खोल गेलेले बी उगवत नाही. झारीने पाणी द्यावे. पाट सोडल्यास सर्व बी वाहून एका कोपऱ्यात जमते. उबेच्या दिवसांत चौथ्या-पाचव्या दिवशी उगवण दिसते.

बियाणे किती लागेल याचा हिशेब सोपा आहे, आणि हिशेब हा आमचा जुना धंदा असल्यामुळे तो येथे मांडतो. दोन ओळींत दीड फूट व दोन रोपांत एक फूट अंतर ठेविल्यास एका गुंठ्यात ७२६ रोपे बसतात, म्हणजे एकरात २९,०४०. सब्ज्याच्या हजार दाण्यांचे वजन दीड ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे प्रत्येक दाणा उगवला असे धरले तर एकरास ४४ ग्रॅम बीच पुरे. न उगवणारे, मुंग्यांनी नेलेले, वाफ्यात कुजलेले धरून सव्वाशे ग्रॅम घ्यावे. यावरून वाचकांनी ओळखावे की, एकरास दोन किलो बियाणे गळ्यात मारणारा मनुष्य शेती शिकवीत नाही, माल खपवीत आहे.

पेरणीची वेळ हा या पिकाचा कणा होय, आणि येथे आमच्या दुसऱ्या वर्षाचा अनुभव सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी फुलोरा उशिरा आला म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही मृगातच वाफा टाकला. छाया टाळली, युरिया बंद केला, पाणी बेताने दिले. भाद्रपदात शेत तुऱ्यांनी भरून गेले, आणि हस्त नक्षत्रात तुरे खालून तपकिरी होऊ लागले. चाचांनीही मान डोलावली. इतक्यात परतीचा पाऊस आला, तो तीन दिवस हटला नाही. सब्ज्याचे दाणे शेंगेत बंद नसतात. फुलाच्या मागच्या वाटीच्या तळाशी चार दाणे उघडेच बसलेले असतात. पाऊस आत शिरताच ते उभ्या झाडावर फुगले, प्रत्येक वाटीत चिकाचा गोळा झाला, आणि ऊन पडल्यावर तो वाळून दाणे वाटीस असे चिकटले की झोडपूनही सुटेनात. जे सुटले ते निस्तेज, एकमेकांस लागलेले. एकदा फुगून वाळलेला दाणा पुनः पूर्वीप्रमाणे फुगत नाही, आणि सरबतवाल्यास तर फुगण्याचेच पैसे द्यावयाचे असतात. त्या वर्षी एक दाणा विकला गेला नाही.

तेव्हापासून आम्ही वेळ अशी ठरविली आहे की, फुलोरा पावसाच्या शेवटास सापडावा, पण पिकण्याचे दिवस निरभ्र आकाशाखाली यावे. वाफा पुनर्वसू नक्षत्रात, म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टाकावा. महिन्याची रोपे झाली की मघांच्या सुमारास ती शेतात लावावी. उघडीप असल्यास सायंकाळी. फुलोरा उत्तरा-हस्तात सुरू होतो, आणि कापणी विशाखांत, नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. तोवर मोसमी पाऊस मराठवाड्यातून बहुधा परतलेला असतो. अवकाळीची हमी कोण देणार, परंतु मृगाच्या पेरणीत धोका ठरलेला आहे, तर या वेळेस तो क्वचितचा आहे. ज्यांच्या विहिरीस किंवा शेततळ्यास उन्हाळ्यात पाणी राहते (कडवंचीसारख्या गावी शेततळ्यांवर द्राक्षे पिकतात, तेथे हे अशक्य नाही) त्यांनी माघात वाफा टाकून वैशाखात कापणी करावी. उन्हाळी पिकाचे बी फार चकचकीत येते. मात्र मृगाच्या आत खळे उरकलेच पाहिजे.

आता शेंडा खुडण्याविषयी, ज्याबद्दल सर्वांत अधिक गैरसमज आहे. कोणी म्हणतो खुडल्याशिवाय फुले येत नाहीत, कोणी म्हणतो खुडले तर येत नाहीत. दोघेही अर्धे खरे. शेंडा खुडला की त्या ठिकाणचा तुरा जातो, परंतु खालच्या पानांच्या बगलेतील दोन डोळे जागे होऊन एकाच्या दोन फांद्या होतात, आणि प्रत्येक फांदी पुढे स्वतःचा तुरा काढते. त्यामुळे फुलोरा आठ-पंधरा दिवस लांबतो, पण तुऱ्यांची संख्या वाढते. म्हणून बियांच्या पिकात शेंडा एकदाच, आणि तोही लवकर खुडावा: लागणीनंतर साधारण पंधरा दिवसांनी, रोप वीतभर उंच असून पानांच्या पाच-सहा जोड्या दिसत असताना, खालच्या चार जोड्या ठेवून. त्यानंतर हात लावू नये. आमच्या पुतण्याने काय केले होते, तर ज्या फिरत्या व्यापाऱ्याने त्यास बियाणे दिले त्याच्या सांगण्यावरून दर पंधरा दिवसांनी, थेट पितृपक्षापर्यंत, मजूर लावून शेंडे खुडविले होते. फुलोऱ्याची वेळ आली की मजुरीचे पैसे देऊन तो मोडावयाचा, असा तो प्रकार झाला.

ज्यांच्या शेतात आजच अशी स्थिती असेल त्यांनी हताश होऊ नये. खुडणे त्याच दिवशी थांबवावे, खत बंद करावे, पाण्याच्या पाळ्या लांबवाव्या. पाने दुपारी किंचित मलूल होऊन सायंकाळी आपोआप ताठ होऊ लागली, म्हणजे ताण बरोबर बसला असे समजावे. सकाळीही मलूल दिसली तर मात्र ताण फार झाला. दोन ओळींत गर्दी असल्यास मधली दुबळी रोपे उपटून ऊन बुडख्यापर्यंत जाऊ द्यावे, आणि बांधावरच्या झाडांच्या खालच्या फांद्या छाटाव्या. पुतण्याच्या शेतात याप्रमाणे केले असता दिवाळीच्या सुमारास तुरे निघाले. रोपे म्हातारी झालेली, थंडी जवळ आलेली, त्यामुळे दोन एकरांत बी नव्वद-पंचाण्णव किलोच झाले. पण शेत नांगरून टाकण्यापेक्षा ते बरे.

कळी दिसल्यानंतर ताण देऊ नये. तो कळीपूर्वीचा उपाय आहे. फुले उमलत असताना जमीन कोरडी ठणठणीत पडली तर फुले गळतात. बेताचे पाणी द्यावे, आणि खालच्या वाट्यांतील दाणे काळे झाले की तेही बंद करावे.

सब्ज्याच्या तुऱ्यावर फुले मजल्यामजल्याने येतात. प्रत्येक मजल्यावर सहा फुले, पांढरी किंवा फिकट जांभळी, आणि उमलण्याचा क्रम खालून वर. प्रत्येक फुलात चार दाणे धरू शकतात, म्हणजे एका मजल्यास चोवीस. बारा मजल्यांचा तुरा धरला तर २८८ दाणे, वीस तुऱ्यांचे झाड धरले तर ५,७६० दाणे, वजन साडेआठ ग्रॅमहून थोडे अधिक. या मानाने गुंठ्यास सव्वासहा किलो बी यावे. तिसऱ्या वर्षी, सर्व गोष्टी ठीक जुळून आल्या असता, आम्हांस दहा गुंठ्यांत ३८ किलो मिळाले. म्हणजे गुंठ्यास पावणेचारहून किंचित अधिक. कागद व खळे यांच्यातील ही तूट कोठे जाते? काही दाणे गळतात, काही पाखरे नेतात, परंतु बरीचशी तूट ही न फळलेल्या फुलांची असते.

येथे आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास फार सांगण्याची गरज पडू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिकोची स्थापना केल्यापासून हा मुलूख बियाण्यांचा मुलूख म्हणूनच ओळखला जातो. आपल्या घरच्या बायका कपाशीचे फूल हाताने सोलून, नराचा पराग मादीस लावून संकरित बी तयार करण्यात इतक्या वाकबगार आहेत की, परागाविषयी त्यांस कोणी व्याख्यान द्यावे असे नाही. परंतु सब्ज्याचे फूल तीळभर. तेथे माणसाचा हात चालत नाही. ते काम मधमाशीचे आहे. सब्ज्याच्या फुलात मध मुबलक असतो, आणि सकाळच्या प्रहरी फुलोरी, सातेरी व आग्या या तिन्ही माश्या तुऱ्यांवर गर्दी करतात. फूल आपल्याच परागाने काही अंशी फळते, पण माशी फिरलेला तुरा खालपासून वरपर्यंत भरतो. मात्र याच दिवसांत शेजारच्या कपाशीवर औषधांच्या फवारण्या चालू असतात. फवारा सकाळी झाला की त्याच दुपारी बांधावर मेलेल्या माश्यांचा सडा दिसतो. आम्ही शेजाऱ्यांस विनंती करून फवारणी सूर्यास्तानंतर करविली. एकाने मानले, एकाने मानले नाही, आणि न मानणाऱ्याच्या बाजूच्या ओळींतील तुरे अर्धे पोकळ निघाले. हा पुरावा कचेरीत टिकण्याजोगा नाही हे आम्हांस ठाऊक आहे, परंतु डोळ्यांस दिसले ते लिहिले.

स्वतः सब्ज्यावर फुलोऱ्यात काहीही फवारू नये. पाने गुंडाळणारी अळी आणि जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण, ज्याने पाने पांढुरकी ठिपकेदार होतात, हे दोन शत्रू मुख्य आहेत. ते कळीपूर्वीच पाहून निंबोळीच्या अर्काने आवरावे. आणखी एक गोष्ट अशी की, पुढील वर्षाचे बियाणे घरचे ठेवावयाचे असल्यास सब्ज्याचे दोन वाण शेजारी लावू नयेत; माशी दोहोंचा पराग मिसळते व पुढच्या पिढीत झाडे एकसारखी राहत नाहीत.

तुऱ्यांचा खालचा दोनतृतीयांश भाग तपकिरी झाला, पाने पिवळी पडू लागली, आणि तुरा तळहातावर चोळला असता काळे दाणे सुटले की कापणी करावी. सर्व तुरे एकदम पिकण्याची वाट पाहणारा खालचे उत्तम बी मातीत घालवितो. दव उडाल्यानंतर, पण ऊन चढण्यापूर्वी कापावे. दवात कापले तर ओल लागते, भर उन्हात कापले तर दाणे झडतात. कापलेले झाड ताडपत्रीवर तीन-चार दिवस वाळवून हलक्या काठीने झोडावे. सारवलेल्या जमिनीवर खळे करू नये. गहू-हरभऱ्यात माती आली तर धुऊन काढता येते. सब्ज्यास पाण्याचा थेंब लावता येत नाही. आलेला खडा दाण्याएवढाच असेल तर तो चाळणीनेही जात नाही, आणि पुढे सरबत पिणाऱ्याच्या दाताखाली येतो. आमच्या घरातून या कामी कोणा पुरुषास हात लावू दिला जात नाही. सुपाने पाखडण्याचे काम सौभाग्यवतींचे, आणि माल स्वच्छ निघतो हे श्रेयही त्यांचेच.

विक्रीविषयी थोडके. औषधी पिकांची मोठी उलाढाल मध्य प्रदेशात नीमचच्या मंडीत होते. आपल्या जवळच्या बाजारात दर माणसागणिक बदलतो. लागणीपूर्वी तोंडी हमी देणारे बरेच भेटतात. आमच्या पुतण्यास भेटलेल्या व्यापाऱ्याने सारा माल घेण्याचा शब्द दिला होता. माल तयार झाल्यावर "दाणा बारीक आहे" येवढे सांगून तो गेला, तो पुनः फिरकला नाही. अधिसूचित पिकांच्या यादीत नसलेल्या पिकास विम्याचा आधार मिळत नाही, हेही लागणीपूर्वी पाहून घ्यावे, आणि पीकपाहणीत नोंद मात्र स्वतः लक्ष घालून करवून घ्यावी. आम्ही नोकरीत असताना अशी लहान पिके बहुधा 'इतर' या एका शब्दात बुडून जात, आणि नुकसानीचे वेळी शेतकऱ्याजवळ दाखविण्यास कागद नसे. करार करावयाचा तर दर, वजन, मुदत व परीक्षा या चार गोष्टी लिहून घ्याव्या. परीक्षेसाठी नमुन्याच्या दोन पुड्या दोघांच्या सह्यांनी बंद कराव्या, एक आपण ठेवावी, एक त्याने. दाण्याची परीक्षा अशी लिहावी की, चिमूटभर बी पेलाभर पाण्यात टाकले असता पाव तासात सर्व दाणे फुगले पाहिजेत, तळाशी खडा राहू नये.

पुतण्याने यंदा एकच एकर लावला आहे, तोही मुरमाड तुकड्यात, आणि शेंडा एकदाच खुडला आहे. हस्त लागण्यापूर्वी आम्ही पाहून आलो, तेव्हा बहुतेक झाडांवर तुऱ्याचे पहिले दोन-तीन मजले उमलले होते आणि माश्या चांगल्या फिरत होत्या. नमुन्याच्या पुड्या त्याने या खेपेस आधीच शिवून ठेविल्या आहेत.